पाण्याचा रोजमेळ

व्यापारी घराण्यात हिशेब दोन प्रकारचा असतो. संध्याकाळी दुकानाची फळी लावण्यापूर्वी गल्ल्यातील रोकड आणि वहीतील आकडा जुळवून पाहिला जातो, तो रोजमेळ. वर्षाअखेरीस सर्व खाती एकत्र मांडून व्यवहाराची खरी प्रकृती तपासली जाते, तो ताळेबंद. ताळेबंद कितीही काटेकोर असला तरी तो होऊन गेलेल्या काळाची साक्ष देतो. आजच्या दिवशी कुठे गळती आहे हे रोजमेळच सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या जंतुविषयक तपासणीतही हेच दोन हिशेब आहेत. यांतील एक जरी खोटा लिहिला गेला तरी त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

जैन कुटुंबाला पाण्याकडे काळजीपूर्वक पाहण्याचा संस्कार नवीन नाही. पाणी दुहेरी वस्त्रातून गाळून घेणे, गाळण ज्या विहिरीचे असेल त्याच विहिरीत अलगद परत सोडणे, व्रतात उकळलेले पाणी वापरणे, हे श्रावकाच्या नित्य आचारातील नियम आहेत. त्यांचे मूळ अहिंसेत आहे. आरोग्य हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता आणि तसा दावा करून त्या आचाराचे मोल वाढतही नाही. परंतु गाळण्याच्या वस्त्रातून नेमके काय अडते आणि काय पार होते, हा प्रश्न मात्र प्रत्येक स्वयंपाकघराच्या जिव्हाळ्याचा आहे.

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर बांगलादेशातून आले. कॉलऱ्याचा जिवाणू पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते. ते प्राणी अडवले तर त्यांच्यासोबतचे जिवाणूही अडतील, या विचाराने मतलब भागातील गावांतून स्त्रियांना जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळण्यास शिकवण्यात आले. वारंवार धुतल्याने जुन्या साडीचे धागे सैल होऊन पसरतात आणि विणीतील छिद्रे बारीक होतात, म्हणून नव्या कापडापेक्षा जुने कापड सरस ठरले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा गावांत कॉलऱ्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. घरोघरी असलेल्या वस्त्राचे हे सामर्थ्य होय.

त्याच प्रयोगाने वस्त्राची मर्यादाही दाखवली. चार पदरी घडीतून साधारण वीस मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडतात. मानवी आतड्यातील सामान्य जिवाणू लांबीला सुमारे दोन मायक्रॉन असतो आणि विषाणू तर त्याच्याही कितीतरी पटींनी लहान. कशालाही न चिकटता पाण्यात मोकळा फिरणारा जिवाणू गाळण्यातून सहज निघून जातो. गाळलेले पाणी काचेच्या पेल्यात निर्मळ दिसते, त्याला वास नसतो, चवही गोड असते. तरीही त्यात विषमज्वराचे किंवा अतिसाराचे कारण दडलेले असू शकते. डोळा, नाक आणि जीभ यांच्या पलीकडची ही गोष्ट असल्यामुळेच तपासणीची गरज निर्माण झाली.

एका जिवाणूची साक्ष

पाण्यातून पसरणारे रोग अनेक आहेत आणि त्यांची कारणेही अनेक. प्रत्येक रोगजंतू स्वतंत्रपणे शोधत बसणे खर्चाचे, वेळखाऊ आणि बहुधा निष्फळ ठरते, कारण गावात रोगी मोजकेच असतील तर पाण्यात त्यांचे जंतूही विरळच सापडतात. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. पाण्यात मलमूत्र मिसळले आहे की नाही, एवढेच आधी पाहायचे. मिसळले असेल तर रोगजंतू आज असोत वा नसोत, त्यांच्या येण्याची वाट उघडी आहे, असे समजायचे.

ही साक्ष देणारा जिवाणू बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तान्ह्या बालकांच्या मलाच्या अभ्यासात वर्णिला. आज तो त्यांच्याच नावावरून एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, म्हणून ओळखला जातो. माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येने राहतो आणि त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. पाण्यात त्याचे आढळणे म्हणजे ताज्या मलप्रदूषणाची खूण, ही कल्पना १८९२ मध्ये शार्डिंगर यांनी मांडली. आजही जगभरची मानके याच पायावर उभी आहेत. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचे मानक सांगते की, १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये. येथे थोडीफार सवलत नाही. अपेक्षित आकडा शून्य आहे.

चार पद्धती

सर्वांत जुनी आणि अजूनही अनेक सरकारी प्रयोगशाळांत चालणारी पद्धत म्हणजे बहुनलिका पद्धत. पित्तक्षार आणि दुधातील साखर घातलेला मॅकॉन्की द्रव काचनलिकांत भरतात. प्रत्येक नलिकेत एक छोटी नळी उपडी ठेवलेली असते. काही नलिकांत पाण्याचे मोठे माप, काहींत त्याच्या दहावा हिस्सा, काहींत शंभरावा हिस्सा घालून त्या ३७ अंश सेल्सियसवर एक ते दोन दिवस उबेत ठेवतात. कोलिफॉर्म गटाचे जिवाणू असल्यास ते साखर फोडतात, आम्लाने जांभळा द्रव पिवळा होतो आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा जमतो. कोणत्या मापाच्या किती नलिका बदलल्या, यावरून ठरलेल्या कोष्टकात पाहून १०० मिलिलिटरमधील जिवाणूंची सर्वाधिक संभाव्य संख्या काढतात. त्यापुढे ४४ अंशांच्या आसपास पुन्हा वाढवून पाहिल्यावर ई. कोलायची खातरजमा होते. पद्धत साधी आणि भरवशाची आहे, पण तिला तीन-चार दिवस लागू शकतात.

दुसरी पद्धत गाळण्याचीच आहे. फरक एवढाच की येथे वस्त्राऐवजी ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा पातळ पडदा असतो. १०० मिलिलिटर पाणी त्यातून ओढून घेतले की जिवाणू पडद्यावरच अडकतात. मग तो पडदा पोषक माध्यमावर ठेवून एक दिवस उबवतात. प्रत्येक जिवाणूपासून डोळ्यांना दिसेल अशी एकेक वसाहत तयार होते आणि तिचा रंग पाहून ती मोजता येते. येथे संख्या अंदाजाने काढावी लागत नाही, थेट मोजता येते. मात्र पाणी गढूळ असेल तर पडदा तुंबतो.

तिसरी पद्धत विकरांच्या आधाराने चालते. कोलिफॉर्म जिवाणूंजवळ एक विशिष्ट विकर असते आणि ई. कोलायजवळ त्याशिवाय दुसरेही. पाण्यात अशी भुकटी विरघळवतात की पहिल्या विकराने ती पिवळी व्हावी आणि दुसऱ्याने अतिनील प्रकाशात निळसर चमकावी. साधारण २४ तासांत दोन्ही उत्तरे एकाच बाटलीत मिळतात. ही पद्धत सोपी व जलद आहे, पण तिची भुकटी महाग पडते.

चौथी पद्धत आपल्या देशाची देणगी आहे आणि खेड्यापाड्यांत तिचेच मोल सर्वाधिक. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. एका छोट्या निर्जंतुक बाटलीत रसायने लावून वाळवलेली कागदाची पट्टी असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. मलप्रदूषणासोबत येणारे अनेक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो पट्टीतील लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळे पडते. प्रयोगशाळा नको, विजेचे यंत्र नको, लिहिता-वाचता येणाऱ्या कोणालाही निकाल कळतो. जलजीवन मिशनखाली गावोगावच्या महिलांना क्षेत्रीय संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले जाते, त्या संचासोबत अशा बाटल्या असतात. या पद्धतीने जिवाणूंची संख्या कळत नाही, आणि भूजलात मुळातच सल्फाइड असेल तर ती फसवूही शकते. म्हणून तिचा काळा निकाल हा धोक्याचा इशारा समजावा आणि प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी.

रोजमेळ कोणता?

या चारही पद्धतींत एक उणीव समान आहे. जिवाणू वाढायला वेळ लागतो, आणि निकाल हाती येईपर्यंत ते पाणी लोकांनी पिऊन झालेले असते. हा ताळेबंद झाला. रोजमेळाचे काम वेगळ्याच तपासणीकडे जाते, आणि ती म्हणजे नळाच्या पाण्यातील शिल्लक क्लोरीन.

क्लोरीन घातल्यावर तो पाण्यातील सेंद्रिय घाण आणि जंतू यांच्यावर खर्च होतो. अर्ध्या तासानंतरही थोडा उरला तर जंतूंचा नाश झाला आणि पुढच्या वाटेसाठी राखीव गंगाजळी शिल्लक आहे, असे समजावे. भारतीय मानकानुसार नळाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. पाण्यात रसायन टाकून रंग जुळवून पाहण्याची ही तपासणी दोन-तीन मिनिटांत होते. ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षे ओटी टेस्ट या नावाने ती परिचित आहे. अलीकडे तिच्या पिवळ्या रंगाऐवजी गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी वापरली जाते. काल रंग येत होता आणि आज येत नाही, याचा अर्थ मार्गात कोठेतरी घाण शिरली आहे किंवा क्लोरीन टाकणेच राहून गेले आहे. कोणताही जिवाणू न मोजता ही बातमी त्याच दिवशी मिळते.

या दोन मिनिटांच्या नोंदीचे मोल काय, हे कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टन या गावाने २००० साली दाखवले. सुमारे पाच हजार वस्तीचे हे शेतीप्रधान गाव. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातील शेणखताचा अंश उथळ अशा पाच क्रमांकाच्या विहिरीत उतरला. त्यात ई. कोलायची ओ १५७ एच ७ ही घातक जात होती. विहिरीवर क्लोरीनची सोय होती, परंतु घातला जाणारा क्लोरीन एवढ्या घाणीला पुरेसा नव्हता. तो सगळा खर्च झाला आणि शिल्लक उरली नाही.

कोणी रोज मोजले असते तर ही गोष्ट त्याच क्षणी ध्यानात आली असती. पण तेथील पाणीपुरवठा विभागात क्लोरीनची पातळी बहुतेक दिवस मोजलीच जात नसे. वहीत मात्र ०.५ किंवा ०.७५ असे आकडे वर्षानुवर्षे नेमाने लिहिले जात. नमुने एका ठिकाणचे घेऊन त्यांच्यावर दुसऱ्या ठिकाणचे नाव घालण्याचीही रीत पडली होती. त्या माणसांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. ते स्वतःही तेच पाणी पीत आणि ते उत्तम आहे असे मानत. पिढ्यान् पिढ्या काही बिघडले नाही, मग आज काय बिघडणार, या विश्वासावर ती वही भरत होती.

प्रयोगशाळेने १७ मे रोजी नमुने दूषित असल्याचे विभागाच्या व्यवस्थापकाला कळवले. मुले आजारी पडू लागली, आरोग्य खात्याने विचारणा केली, तेव्हा पाणी ठीक असल्याचे सांगण्यात आले. अखेर आरोग्य खात्याने स्वतःच्या निर्णयाने २१ मे रोजी पाणी उकळून पिण्याचा आदेश काढला आणि स्वतः घेतलेल्या नमुन्यांनी दोन दिवसांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. तोवर फार उशीर झाला होता. सात जणांचा मृत्यू झाला आणि २,३०० हून अधिक लोक आजारी पडले. काही मुलांच्या मूत्रपिंडांवर कायमचा आघात झाला. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये निर्वाळा दिला की, क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे बसवलेली असती तर हा अनर्थ टळला असता, आणि नुसते रोजच्या रोज हाताने मोजले असते तरी त्याची व्याप्ती पुष्कळ कमी झाली असती.

वहीतील खोट्या नोंदीचा अर्थ व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रोकड न मोजता लिहिलेली शिल्लक काही काळ खपून जाते. दिवाळे निघते त्या दिवशी मात्र सगळी पाने एकदम बोलू लागतात.

शून्याचीही मर्यादा

ई. कोलाय शून्य आला म्हणजे चिंता संपली असे मानणेही योग्य नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पात्रात बदल होऊन वझिराबाद येथे शहराचे पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी शिरले. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही. जिवाणू मेले होते. पण पुढील काही आठवड्यांत शहरात सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे अनेक वर्षांनी तो विषाणू हिपॅटायटिस ई असल्याचे स्पष्ट झाले. विषाणू आणि काही परजीवी क्लोरीनला जिवाणूंपेक्षा अधिक काळ दाद देत नाहीत. म्हणूनच पाण्याचा गढूळपणा, उगमाची स्वच्छता आणि जलवाहिनीची अवस्था यांकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना जलस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत याच विचारातून आली. विहिरीला कठडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, जवळ उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का, हे डोळ्यांनी पाहण्याचे काम कोणतीही काचनलिका करू शकत नाही.

घर, दुकान आणि संस्था

नमुना नीट घेतला नाही तर उत्तम प्रयोगशाळाही खोटेच उत्तर देते. बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून आणावी. घरातील औषधाची किंवा शीतपेयाची बाटली चालत नाही. क्लोरीनयुक्त पाण्यासाठीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, नाहीतर वाटेतच जिवाणू मरतात आणि निकाल खोटा निर्दोष येतो. म्हणून ती बाटली विसळू नये. नळाची जाळी किंवा रबरी नळी काढून तोंड स्वच्छ करावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटलीच्या तोंडाला व झाकणाच्या आतील बाजूला हात लावू नये आणि वर थोडी जागा मोकळी ठेवावी. बाटली बर्फाच्या पेटीतून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावी. २४ तासांनंतर तो नमुना भरवशाचा राहत नाही. दोष कोठे आहे हे कळण्यासाठी तळटाकी, गच्चीवरील टाकी आणि स्वयंपाकघरातील नळ असे तीन नमुने एकाच दिवशी दिले तर उत्तर आपोआप सापडते.

घरोघरी आता शुद्धीकरण यंत्रे आली आहेत आणि विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. त्यावरून एकाही जिवाणूचा पत्ता लागत नाही. कमी टीडीएसचे पाणी दूषित असू शकते आणि जास्त टीडीएसचे निर्जंतुक. शिवाय आरओ यंत्रातील कोळसा क्लोरीन शोषून घेतो, त्यामुळे यंत्रातून आलेल्या पाण्याजवळ राखीव संरक्षण राहत नाही. ते भांड्यात दोन दिवस साठवले, त्यात हात किंवा ओला पेला बुडवला, की शुद्धीकरण वाया जाते. उकळलेल्या पाण्याचेही तसेच. खळखळून उकळी आली की रोगजंतू मरतात, पण त्यानंतर पडणाऱ्या नव्या जंतूंना अडवणारे काहीच उरत नाही. उकळलेल्या पाण्याला परंपरेने काळाची मर्यादा घातली आणि पावसाळ्यात ती सर्वांत आखूड ठेवली. तिचा आधार वेगळा असला तरी स्वयंपाकघराला ती शिस्त आजही उपकारकच आहे.

सर्वांत मोठी जबाबदारी संस्थांची आहे. चातुर्मासात उपाश्रयात, स्थानकात आणि धर्मशाळेत शेकडो साधर्मिक एकाच टाकीचे पाणी पितात. स्वामीवात्सल्याच्या किंवा विवाहाच्या दिवशी ते टँकरचे असते. उपवासाच्या पारण्याला बसलेल्या तपस्व्याच्या पोटात पहिला घोट याच पाण्याचा जातो. अशा ठिकाणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर टाक्या धुऊन नमुना शासकीय किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा, टँकर रिकामा होण्यापूर्वी क्लोरीनचा रंग पाहावा आणि एक साधी वही ठेवावी. तिच्यात तारीख, वेळ, पाण्याचे ठिकाण, प्रत्यक्ष दिसलेला रंग आणि पाहणाऱ्याची सही असावी. ज्या दिवशी पाहिले नसेल त्या दिवसाचा रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना पाहून विश्वस्त विचारणा करू शकतात. अंदाजाने भरलेला रकाना त्यांना ती संधीच देत नाही.